हजारातले नऊशे नव्व्याण्णव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दर काही आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, आमच्या गावच्या फाट्यावर एसटीतून तीन-चार तरुण मुलंमुली उतरतात. पाठीवर कपड्यांची सॅक असते आणि हातात एक जड पिशवी. ती पिशवी पुस्तकांची. विद्यार्थी म्हणावं तर ही मुलं एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेली असतात. डॉक्टर म्हणावं तर त्यांची नोंदणी अजून तात्पुरतीच असते. यांना आपण 'इंटर्न' म्हणतो. मी ज्या केंद्रात शिकवते, ते एका वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र. तिथं ही मुलं गावातले रुग्ण बघायला शिकतात.

पहिल्या दिवशी चहा झाला, की त्यांतलं कुणी तरी हमखास विचारतं, "मॅडम, इथं चांगल्या केसेस येतात का?"

'चांगली केस' हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. त्याचा अर्थ, क्वचित दिसणारा, पुस्तकात वाचलेला आणि परीक्षेत विचारला जाणारा आजार. डॉक्टरला जी केस चांगली, ती रोग्याला सगळ्यात वाईट, हे वेगळं सांगायला नको. मी त्या मुलांना सांगते, "चांगल्या केसेस तुम्ही बघून आलात. इथं माणसं येतात."

आज मी बोलणार आहे ते या मुलांच्या इथल्या दिवसांबद्दल. हे शिक्षण काय असतं, आणि उद्या तुमच्या-आमच्या तब्येतीशी त्याचा संबंध काय, एवढंच मला सांगायचं आहे.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला चार ते आठ आठवडे 'फॅमिली मेडिसिन'मध्ये काम करावं लागतं. ब्रिटनमध्ये विद्यार्थी 'जीपी'च्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसतात. पहिले काही दिवस कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून ऐकायचं. मग डॉक्टर येण्याआधी रोग्याशी स्वतः बोलायचं. मग स्वतः तपासून 'मला असं वाटतं' असं डॉक्टरांना सांगायचं. आपल्याकडे एमबीबीएसला फॅमिली मेडिसिन हा परीक्षेचा स्वतंत्र विषय नाही. पण इंटर्नशिपच्या एका वर्षात १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्राला, म्हणजे 'कम्युनिटी मेडिसिन'ला दिलेले आहेत, आणि त्यातला काही काळ अशा केंद्रात जातो. फॅमिली डॉक्टरच्या खुर्चीशेजारी बसण्याचा हाच काय तो त्यांचा अनुभव.

आता एक हिशेब सांगते. केर व्हाइट नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली तो मांडला होता. अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती गोळा करून त्यांनी विचारलं, की १००० प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यांचं काय होतं? उत्तर असं निघालं: १००० पैकी ७५० जणांना महिन्याभरात काही ना काही दुखतं-खुपतं. त्यांतले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवला जातो फक्त एक. चाळीस वर्षांनी, २००१ साली, अमेरिकेत हाच हिशेब पुन्हा केला गेला. मधल्या काळात औषधं बदलली, यंत्रं बदलली, विमा आला. तरी शेवटचा आकडा एकाच्याही खालीच राहिला.

हा हिशेब परदेशातला आहे. आपल्याकडे सरकारी मोठ्या रुग्णालयात साधा खोकला घेऊनही माणसं येतात, त्यामुळे आकडे हुबेहूब लागू पडणार नाहीत. पण मुद्दा लागू पडतो. डॉक्टर होणारी मुलं साडेचार वर्षं मुख्यतः त्या एका माणसाच्या खाटेभोवती उभी राहून शिकतात. उरलेले नऊशे नव्व्याण्णव त्यांना फारसे दिसतच नाहीत. आणि पुढं दवाखाना उघडल्यावर समोर येऊन बसतात ते हेच नऊशे नव्व्याण्णव.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? ज्याला अवघड आजार कळला, त्याला सोपा कळणारच. पण तसं होत नाही.

तापाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे रोज वीस-पंचवीस तापाचे रोगी येतात. महाविद्यालयाच्या रुग्णालयात तापाचा रोगी पोचतो तो पाचव्या-सहाव्या दिवशी. तोवर आजारानं आपलं नाव सांगितलेलं असतं. अंगावर पुरळ असतं, डोळे पिवळे झालेले असतात किंवा प्लेटलेट उतरलेल्या असतात. इथं तो येतो पहिल्या दिवशी, नुसती कणकण घेऊन. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, विषमज्वर आणि दोन दिवसांत आपोआप जाणारा साधा ताप, या सगळ्यांचा पहिला दिवस सारखाच दिसतो. इंटर्न गोंधळतो. पुस्तकात प्रत्येक आजाराचं प्रकरण वेगळं असतं. पण पहिल्या दिवशीचा ताप कोणत्या प्रकरणातला, हे पुस्तक सांगत नाही.

मग मुलं म्हणतात, "सगळ्या तपासण्या करून टाकू या." इथं मी फळ्यावर एक गणित करून दाखवते. समजा, एका आजाराची तपासणी शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर उत्तर देते. मोठ्या रुग्णालयात त्या आजाराच्या संशयानं आलेल्या १००० माणसांपैकी ५०० जणांना तो खरोखरच आहे. तपासणी त्यांतल्या ४७५ जणांना पकडील, आणि ५०० निरोगी माणसांपैकी २५ जणांना चुकून आजारी ठरवील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या ५०० कागदांतले ४७५ खरे. आता गावातली १००० माणसं घ्या. त्यांत तो आजार फक्त १० जणांना आहे. तपासणी त्यांतले नऊ-दहा पकडील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी जवळजवळ ५० जणांना चुकून आजारी ठरवील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या साठ कागदांत खरे दहाच! तपासणी तीच, कागद तोच, प्रयोगशाळाही तीच. तरी एका ठिकाणी कागदावर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी आधी शंका घ्यायची.

म्हणून तपासण्या करायच्याच नाहीत, असं नाही. मलेरियासाठी रक्ताचा थेंब काचेवर घेणं आमच्याकडे रोजचंच आहे. पण कुणाची तपासणी करायची आणि कुणाला दोन दिवसांनी परत बोलवायचं, हे ठरवणं हीच इथली विद्या. वाट बघणं हेही एक तपासण्याचं साधन आहे, हे मुलांना पहिल्यांदा इथं कळतं. त्यांना ते सुरुवातीला आवडत नाही. वाट बघणं म्हणजे काही न करणं, असं त्यांना वाटतं.

आता या मुलांचा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी ओपीडी. केसपेपरची रांग नऊच्या आधीच लागलेली असते. एका दिवशी लसीकरण असतं, तेव्हा केंद्रात लहान मुलांच्या रडण्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते. दुपारनंतर आशाताईंबरोबर घरभेटी. संध्याकाळी खोलीवर येऊन ती जड पिशवी उघडायची आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा. मध्येच वीज जाते. मोबाइलला रेंज हवी तर गच्चीवर जावं लागतं.

पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठी अडचण येते ती भाषेची. मुलं मराठीच असतात, पण वैद्यकशास्त्र शिकलेली असतात इंग्रजीतून. इंग्रजीत दुखण्याला एक शब्द, 'पेन'. आमच्या म्हाताऱ्या बायका मात्र कळ, चमक, ठणका, शिणक, मुरडा, उसण आणि आग यांत कधी घोटाळा करत नाहीत. पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, पिकलेल्या बोटात ठणका लागतो, हालचाल केली की चमक निघते, आणि साखर वाढलेल्या माणसाच्या तळपायांची आग होते. रोग्यानं शब्द नीट निवडला, की अर्धं निदान त्यानंच केलेलं असतं. इंटर्न मात्र केसपेपरवर सगळ्यासाठी 'पेन' एवढंच लिहितो, आणि ते अर्धं निदान पुसून टाकतो.

एकदा शहरात वाढलेला एक हुशार मुलगा ओपीडीत बसला होता. एक बाई घाईघाईनं आत आली आणि म्हणाली, "आमच्या मालकांच्या अंगावरनं वारं गेलंय." त्यानं शांतपणे केसपेपर पुढं ओढला, 'गॅसेस' असं लिहिलं आणि पित्ताच्या गोळ्या लिहायला घेतल्या. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनी त्याचा हातच धरला. अंगावरून वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू! मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नवरा बाहेर रिक्षात आडवा होता. त्याला तिथूनच अँब्युलन्समध्ये घातलं. त्या मुलाला कुणी रागावलं नाही. त्यानं स्वतःहून एक वही केली आणि रोज ऐकलेले शब्द तीत लिहू लागला: घेरी, फेफरं, धाप, अंगावरून पांढरं जाणं, नागीण, गालगुंड. जाताना ती वही तो केंद्रातच ठेवून गेला. आता प्रत्येक नवी तुकडी तीत भर घालते.

शब्द कळायचे तर आधी रोग्याला बोलू द्यायला हवं. अमेरिकेत १९८४ साली डॉक्टर-रोगी संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोगी बोलायला लागल्यापासून डॉक्टर त्याला सरासरी १८ सेकंदांत तोडतो, असं त्यात दिसलं. १९९९ साली फॅमिली डॉक्टरांच्या अभ्यासात हा आकडा २३ सेकंदांपर्यंत गेला. डॉक्टरांना भीती असते, की न तोडता ऐकलं तर माणूस तासभर बोलेल. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयानं डॉक्टरांना गप्प बसायला सांगितलं आणि गुपचूप घड्याळ लावलं. २००२ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल असा, की रोगी सरासरी ९२ सेकंद बोलले आणि मग आपणहून थांबले. दीड मिनिट! आमच्या ओपीडीत दीड मिनिट ही चैन आहे, हे मला मान्य आहे. पण बाहेर सत्तर माणसं उभी असली, तरी रोज निदान पाच रोग्यांना पूर्ण बोलू द्यायचं, असा मी मुलांना नियमच घालून दिला आहे. त्या पाचांतल्या एखाद्याचं खरं दुखणं शेवटच्या वाक्यात असतं. खोकल्याचं औषध घेऊन उठता उठता बाई दारात थांबते आणि म्हणते, "आणखी एक विचारायचं होतं..." ती आलेली असते ते या 'आणखी एक'साठीच.

आता घरभेटीविषयी. एक आजी दर महिन्याला यायच्या. रक्तदाब वाढलेला, गोळी चालू, तरी आकडा खाली येईना. तीनदा मोजला, तीनदा १७० च्या आसपास. इंटर्ननं पुस्तकाप्रमाणे बरोबर उत्तर दिलं, "मॅडम, दुसरी गोळी वाढवू या." मी म्हटलं, "वाढवू. पण आधी आशाताईंबरोबर त्यांच्या घरी जाऊन ये."

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आजींनी चहा केला, कपाटातून पत्र्याची डबी काढली आणि त्याला दाखवली. तीत गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते. "अशा अर्ध्या का केल्या, आजी?" असं त्यानं विचारलं. आजी म्हणाल्या, "आरं लेकरा, रोज आख्खी खाल्ली तर म्हैना कसा पुरायचा? पंधरा दिसाच्या देत्यात. दोनदा यायचं म्हंजी दोन रोज बुडत्यात, वर एश्टीचं भाडं. मी आपली पुरवून पुरवून खाते."

चूक कुणाची होती? आजींची नक्कीच नव्हती. आम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या देत होतो आणि ती महिन्यातून एकदा येतेय, हे केसपेपरवर तारखांनिशी आमच्यासमोर असूनही आम्ही कुणी ते वाचलं नव्हतं. दुसरी गोळी वाढवली असती, तर तिचेही दोन तुकडे झाले असते. आणि एखाद्या महिन्यात लेक माहेरी येऊन तिनं आईला दोन्ही गोळ्या नीट, रोज, अख्ख्या दिल्या असत्या, तर रक्तदाब एकदम उतरून आजी मोरीत पडल्या असत्या. आम्ही काय केलं? महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात केली. आजींना यायला जमलं नाही तर आशाताई नेऊन देतात. दोन महिन्यांत आकडा खाली आला. नवं औषध एकही नाही.

त्या मुलानं मला विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत कसं विचारतील?" मला उत्तर देता आलं नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. ती मी प्रत्येक तुकडीला सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहान रुग्णालयात होते. एक आई वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. ताप आणि खोकला. मी तपासलं, छाती साफ होती. पाच दिवसांचं औषध लिहिलं आणि म्हटलं, "हे पाच दिवस द्या." आई समजूतदार होती. तिनं औषध वेळच्या वेळी दिलं. दुसऱ्या रात्री मुलाचं पोट उडायला लागलं, म्हणजे श्वास भराभर चालू लागला. तिसऱ्या दिवशी ते दूध पिईना. पण डॉक्टरीणबाईंनी पाच दिवस सांगितले होते, म्हणून तिनं पाच दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी ती आली तेव्हा मुलाचे ओठ निळे पडले होते. न्यूमोनिया. मूल वाचलं, पण बरेच दिवस प्राणवायूवर होतं.

माझं निदान पहिल्या दिवशी चुकलं नव्हतं. पहिल्या दिवशी न्यूमोनिया नव्हताच. मी चुकले ते एक वाक्य न बोलून: "यातलं काहीही दिसलं, तर पाच दिवस थांबू नका, रात्रीसुद्धा या." त्या आईनं माझं ऐकलं, हाच धोका ठरला.

रॉजर नेबर नावाच्या एका ब्रिटिश फॅमिली डॉक्टरांनी १९८७ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात या वाक्याला त्यांनी 'सुरक्षेचं जाळं' असं नाव दिलं आहे. सर्कशीत उंचावर कसरत चालते तेव्हा खाली जाळं धरतात, तसं. रोगी उठण्यापूर्वी डॉक्टरनं स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: माझा अंदाज बरोबर असेल तर पुढं काय घडेल? तो चुकला असेल तर मला कसं कळेल? आणि तेव्हा मी काय करीन? या प्रश्नांची उत्तरं रोग्याला त्याच्या भाषेत सांगायची. आमच्या केंद्रात इंटर्ननं लिहिलेल्या प्रत्येक केसपेपरवर शेवटी एक ओळ असावीच लागते: 'परत केव्हा यायचं.' ती ओळ नसेल तर मी कागद परत पाठवते.

आणि श्वास मोजायला मी त्यांना घड्याळच लावायला सांगते. पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षं या वयात ४० किंवा जास्त श्वास असतील, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. गावातल्याच माणसांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं, तर मुलांचे मृत्यू कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. गावातला कार्यकर्ता जे शिकू शकतो, ते आमच्या पदवीधरांना घाईत आठवत नाही, याची मला लाज वाटते.

असं सगळं असताना ही मुलं इथं रमतात का? खरं सांगायचं तर सगळी नाही. काही जण सही करून दुपारच्या एसटीनं परत जातात. काहींना ही नेमणूक म्हणजे अभ्यासाला मिळालेली रजा वाटते. आम्ही शिक्षकही पुष्कळदा डोळ्यांवर कातडं ओढून घेतो. पण नुसता दोष देऊन भागणार नाही. पुढच्या प्रवेशपरीक्षेवर त्यांचं सगळं आयुष्य टांगलेलं असतं, आणि त्या परीक्षेत आजींच्या डबीवर प्रश्न येत नाही. घरी आईवडील विचारतात, "मग तू नुसता एमबीबीएसच राहणार का?" या 'नुसता' शब्दानं केलेलं नुकसान कोणत्या गोळीनं भरून काढायचं?

हा विचार आपल्याकडे नवा नाही. भोर समितीनं १९४६ सालीच सांगितलं होतं, की आपल्याला समाजाचा डॉक्टर घडवायचा आहे आणि त्यासाठी शिकणाऱ्याला खेड्यापर्यंत न्यायला हवं. १९६९ साली सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथं विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात राहते आणि तिथल्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाते. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगानं देशभरासाठी कुटुंब दत्तक योजना आणली. पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवायची, अशी ती योजना आहे. विचार फार चांगला आहे. बसभर मुलं गावात नेऊन, फॉर्म भरून, फोटो काढून परत आणली तर त्याचा काही उपयोग नाही. तेच मूल त्याच घरी वर्षानुवर्षं गेलं, तर त्याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही.

कारण या विद्येचा गाभाच मुळी 'पुन्हा पुन्हा' हा आहे. नॉर्वेमध्ये प्रत्येकाचा एक ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ एकच होता, त्यांची तुलना डॉक्टर जेमतेम वर्षभराचा असलेल्यांशी केली. पहिल्या गटात तातडीनं रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसलं. अशा अभ्यासावरून 'यामुळेच ते झालं' असं ठासून म्हणता येत नाही, हे खरं. पण ज्या डॉक्टरनं तुम्हाला लहानपणापासून पाहिलं आहे, त्याला तुमचा आजचा चेहरा नेहमीसारखा नाही हे दारातच कळतं, एवढं तर आपण सगळे अनुभवानं जाणतो. इंटर्नला हे काही आठवड्यांत येणार नाही. पण ते काय असतं, याची चव तरी त्याला इथं मिळते.

शेवटी, तुमच्याकडे थोडं मागणं आहे. दवाखान्यात किंवा सरकारी केंद्रात डॉक्टरांच्या शेजारी एखादं कोवळं पोरगं किंवा पोरगी बसलेली दिसली, तर "मोठ्या डॉक्टरांनाच बघू द्या" म्हणून त्यांना बाजूला सारू नका. त्यांना तुमची नाडी बघू द्या, प्रश्न विचारू द्या. दुखणं तुमच्या स्वतःच्या शब्दांत सांगा. ऐकीव इंग्रजी नाव सांगू नका. औषध पुरवून पुरवून घेत असाल, तर संकोच न करता तसं सांगा. सुई दिलीच पाहिजे, असा हट्ट धरू नका. आणि उठण्यापूर्वी एक प्रश्न नक्की विचारा: "डॉक्टर, काय झालं तर मी लगेच परत यायचं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाला देता आलं नाही, तर ते तो शेजारच्या डॉक्टरांना विचारील. त्या दिवशी तुमच्यामुळे तो एक गोष्ट शिकेल, आणि ती पुढं आणखी कुणाच्या तरी मुलाच्या कामी येईल.